जुनं रिव्हॉल्व्हर घेताय? पैसे मोजायच्या आधी टॉर्च आणि फीलर गेज घ्या

दोन-तीन महिन्यांनी एखादा तरी फोन येतोच, दादा लायसन मंजूर झालंय, कराडकडं एकजण जुनं वेब्ली (इंग्लिश कंपनीचं रिव्हॉल्व्हर) विकतोय, साडेतीन लाख म्हणतोय, घेऊ का? मी विचारतो लायसनवर बोअर (नळीच्या भोकाचं माप) कुठला लिहिलाय, तर तिकडं शांतता. मग विचारतो सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) हलवून बघितला का, तर म्हणतो नाय ओ, पण एकदम चकाचक आहे, आरशासारखं. तिथंच माझ्या पोटात गोळा येतो, का ते पुढं सांगतो.

मी काही गनस्मिथ नाही. साताऱ्यात बुलेटचं गॅरेज आहे माझं, वडील फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि त्यांचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर वारसानं माझ्या नावावर चढलं. त्याच्या आधी २०११ ला मी स्वतःच्या हौसेनं एक घेतलं होतं आणि त्यात चांगलाच बुडालो. त्या बुडण्यातनं जे शिकलो ते पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी इथं लिहितोय. ज्याच्याकडं लायसन आहे किंवा मंजूर झालंय त्याच्यासाठीच हे आहे, बिनकागदाच्या हत्याराला भाव नसतो, त्याला कलम असतं.

आधी कागद, वस्तू नंतर

आपल्या भागात फौजी घरं भरपूर. अपशिंगे मिलिटरी तर जगाला माहितीय, पण तसंही प्रत्येक गावात एखादा माजी सुभेदार, हवालदार सापडतोच. त्यामुळं "आजोबांनी महायुद्धातनं आणलेलं" ही गोष्ट विकणाऱ्याच्या तोंडी हमखास असते. गोष्ट ऐकायला छान, पण ब्रिटिश फौजेत १९१५ पासून जे वेब्ली मार्क सिक्स होतं ते .४५५ चं, आणि नंतर १९३२ ला आलेलं एनफिल्ड .३८० चं. हे दोन्ही बोअर आपल्या आर्म्स रूल्समध्ये वरच्या कॅटेगरीत टाकलेत, कलेक्टर कचेरीतनं मिळणाऱ्या साध्या लायसनवर ते बसतच नाहीत, त्याला थेट दिल्लीचं गृह खातं लागतं. म्हणजे ते पीस कितीही भारी असो, तुमच्यासाठी त्याची किंमत शून्य. कुणी म्हणालं ना की "बोअरचं बघून घेऊ, लायसनवर .३२ टाकून देऊ", तर चहा अर्धा ठेवून उठा.

साध्या लायसनवर आपल्याकडं मुख्य चालतं ते .३२. त्यातही एक खोच आहे. .३२ स्मिथ अँड वेसनचं आखूड काडतूस १८७८ चं आणि लाँग १८९६ चं. आज आपल्याकडं मिळतं ते खडकीच्या कारखान्याचं, बुडावर केएफ छापलेलं, ते लाँग. आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन असली जुनी छोटी अमेरिकन रिव्हॉल्व्हर बऱ्याचदा आखूड काडतुसाची असतात, त्यात लाँग बसत नाही. नळीवर .३२ लिहिलंय म्हणून घेतलं आणि घरी येऊन कळलं की काडतूसच नाही, मग ते दोन लाखाचं पेपरवेट. काही जण काडतूस बसायचं भोक कोरून मोठं करून देतो म्हणतात, त्या फंदात अजिबात पडू नका, जुनं लोखंड त्या प्रेशरसाठी बनलेलंच नसतं.

कागदात काय बघायचं? विकणाऱ्याचं लायसन चालू आहे का, त्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का, लायसनवर यूआयएन (प्रत्येक लायसनवाल्याला मिळणारा ओळख क्रमांक) पडलाय का. नंबर घासलेला, पुसट केलेला किंवा परत ठोकलेला वाटला तर भाव विचारूच नका, आर्म्स ॲक्टमध्ये खूण पुसणं हाच वेगळा गुन्हा आहे आणि ते तुमच्या हातात सापडलं तर सिद्ध करत बसायचं तुम्हाला. तुमची संख्या पण बघा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, वारसाचं धरून. आजोबांची बारा बोअर आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर तुमच्याच नावावर चढलं असेल तर तिसऱ्याचा भाव काढून उपयोग काय.

आणि वस्तू बघायची ती गन हाऊसच्या काउंटरवर, नाहीतर लायसनवाला मालक समोर बसलेला असताना. "दोन दिवस घेऊन जा, बघा, आवडलं तर ठेवा" असं कुणी प्रेमानं म्हणालं तरी नको.

आपल्याकडं भाव एवढे का चढलेत

हे समजलं नाही तर तुम्ही इंटरनेटवरचे डॉलरचे आकडे बघून एकतर विकणाऱ्याशी भांडाल किंवा डोकं धरून बसाल. परदेशी हत्यारं सामान्य माणसानं मागवणं ८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झालं. म्हणजे देशात जी स्मिथ अँड वेसन, कोल्ट, बर्मिंगहॅमची वेब्ली आहेत ती तेवढीच, तीच या हातातनं त्या हातात फिरतायत आणि दरवर्षी एखादं गंजून मरतंय. अमेरिकेत जे .३२ काही शे डॉलरला पडून असतं त्याला इथं लाखात मागतात, ते यामुळं. तिथली प्राइस गाइड इथं चालत नाही. तुम्ही हत्यारापेक्षा टंचाईचे पैसे देताय, हे डोक्यात ठेवूनच बसा.

पण टंचाईला पण वरची मर्यादा असते आणि ती म्हणजे नव्याचा भाव. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ हे मुळात जुन्या वेब्लीच्याच घडणीवरचं, मधे बिजागरीवर वाकून उघडणारं. २०१४ ला कानपूरचंच निर्भीक नावाचं नवं .३२ आलं तेव्हा त्याची किंमत १ लाख २२ हजाराच्या आसपास होती. २०२३ ला प्रबल नावाचं आलं, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. आणि वेब्ली अँड स्कॉट हे नाव आता उत्तर प्रदेशात संडिल्यात बनणाऱ्या नव्या .३२ वर पण असतं. त्यामुळं नुसतं "वेब्ली आहे साहेब" म्हणून तिप्पट पैसे मोजायचे दिवस गेले, असं माझं मत. त्यात सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला (३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलीवर पण ४० च, दोन्हीकडनं मीच मेलो), त्यामुळं नवं महागलं आणि जुनं विकणाऱ्यांनी पण लगेच आकडे वाढवले. दोन माणसांतल्या वापरलेल्या वस्तूच्या व्यवहारात जीएसटीचा काय संबंध, हे त्यांना शांतपणे विचारायचं.

आता वस्तू हातात घ्या

सोबत न्यायचं: छोटा टॉर्च, पांढरा कागद, भिंग आणि फीलर गेज. फीलर गेज म्हणजे टॅपेट सेट करायच्या पात्यांचा जुडगा, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. गन हाऊसवाले हसतात, हसू द्या.

पहिलं काम, मालकाला उघडून रिकामं करून दाखवायला सांगा आणि स्वतः सहाही भोकं मोजून बघा. "रिकामंच आहे हो" या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, बापाने सांगितलं तरी. तोंड कायम भिंतीकडं. मग विचारा की घोडा मोकळा पाडला तर चालेल का, कारण जुन्या वेब्लीत आणि बऱ्याच जुन्या मेकमध्ये फायरिंग पिनचं टोक घोड्यावरच असतं आणि रिकामं टकटक करून ते तुटतं, भरपाई तुमच्या गळ्यात.

आता खरी परीक्षा, आणि इथं घाई करू नका, भावाचा अर्धा निकाल इथंच लागतो. घोडा अंगठ्यानं हळू हळू मागं ओढा, एकदम हळू, आणि कान सिलिंडरकडं. घोडा पूर्ण मागं अडकायच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर कट् करून जागेवर बसला पाहिजे. घोडा अडकला पण सिलिंडर अजून केसभर फिरायचा राहिलाय, बोटानं ढकलल्यावर मग बसतो, तर टायमिंग गेलंय. हे सहाही घरांना (म्हणजे सिलिंडरच्या भोकांना) करायचं, एक-दोन बघून सोडायचं नाही. माझं २०११ चं पीस असंच होतं. पाच घरं खटाखट बसायची, चौथं राहायचं, आणि मी दुकानात तीनच बघितली होती. गोळी सुटली की नळीच्या तोंडावर कड घासून जायची आणि शिशाची भुकटी हातावर यायची. दोनदा रिपेअर केलं, शेवटी घेतलेल्या भावाच्या निम्म्यात दिलं. आणि ते काय सुंदर दिसायचं म्हणून सांगू!

मग घोडा ताणलेला असताना चाप दाबून धरा (घोडा अंगठ्यानं सांभाळून खाली आणायचा, आपटायचा नाही) आणि सिलिंडर डावी-उजवीकडं हलवून बघा. किंचित हलला तर चालतं, खुळखुळला तर नाही. पुढं-मागं ढकलून बघा. इथं फीलर गेज: सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट साधारण ०.१० ते ०.२५ मिलीमीटर असावी. जुन्या बुलेट गाडीच्या इग्निशन पॉइंटला ०.३५ ते ०.४० चं पात लागतं, ते पात इथं आरामात आत जात असेल तर समजा की गॅस बाजूनं उडणार. एकदा सिलिंडर पुढं दाबून मोजायचं, एकदा मागं दाबून, दोन्हीतला फरक ०.१ च्या वर गेला तर मी तरी भाव सरळ खाली आणतो.

घोडा ताणून मागनं अंगठ्यानं पुढं दाबा, चाप न लावता. निसटला तर व्यवहार तिथंच बंद. ते हत्यार राहिलं नाही, अपघात झाला.

मधनं वाकून उघडणाऱ्या मॉडेलमध्ये (वेब्ली, कानपूरचं जुनं) एक जादा तपासणी. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरून हलवा. बिजागरी किंवा वरचं लॅच ढिलं असेल तर हाताला जाणवतं, जुन्या मोपेडच्या हँडलसारखं. उघडताना एक्स्ट्रॅक्टर (काडतुसं वर ढकलणारा भाग) वर येऊन टक्कन परत बसला पाहिजे.

नळी: पांढरा कागद मागं धरून टॉर्च मारा. आतले आटे कडक दिसले पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, थोडे असले तर चालवून घेतो, कारण आपल्याकडं पावसाळा आहे आणि दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की हत्यार पोलिस ठाण्यात जमा होतं, तिथं महिना-दोन महिने पडून असतं, तेल कोण लावणार. महाबळेश्वर, पाटण बाजूच्या पीसला तर हे ठरलेलंच. पण नळीत एका जागी गोल काळी कडी दिसली तर ती फुगलेली नळी, कधीतरी गोळी आत अडकून मागनं दुसरी मारलीय. नळीच्या मागच्या तोंडाला, सिलिंडरकडच्या बाजूला, भिंगानं खालची कड बघा, तिथं बारीक चीर असेल तर कुठलाच भाव योग्य नाही.

चकाकीला भुलू नका

आता ते आरशाचं. जुनी ब्ल्यूइंग (लोखंडावरचा काळा-निळा थर) अशी असते की कडांना झिजलेली, मुठीजवळ तपकिरी, होल्स्टरच्या घासणीनं नळीच्या टोकाला पांढरी पडलेली. हे म्हातारपण बरं. ज्याला नव्यानं पॉलिश मारून ब्ल्यूइंग केलंय त्याची अक्षरं बघा, बफिंगमध्ये कडा गोल होतात, अक्षरं पुसट आणि स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. पॉलिश मारलं म्हणजे फसवलंच असं नाही, पण काहीतरी झाकलंय का हे शोधायचं. स्क्रूच्या खाचा चावलेल्या असतील तर कुणीतरी घरातल्या पेचकसानं उघडलंय. आणि रिपेअरचं म्हणाल तर माझ्या गॅरेजमागं लेथ आहे, स्प्रिंग वाकवायला दहा मिनिटं लागतील, तरी मी माझ्या स्वतःच्या हत्याराला हात लावत नाही, हत्यार दुरुस्तीला पण वेगळं लायसन लागतं.

नावाची फसवणूक ही आणखी एक भानगड. स्पेनमधल्या ऐबारला शंभर वर्षांपूर्वी स्मिथ अँड वेसनच्या आणि वेब्लीच्या ढिगानं नकला झाल्या, बेल्जियममध्ये लिएजला पण. नळीवर "स्मिथ अँड वेसन काडतुसासाठी" अशा अर्थाचं मोठ्या अक्षरात आणि बाकीचं बारीक, की घाईत वाचणाऱ्याला नावच दिसावं. बर्मिंगहॅमच्या वेब्लीवर तिथल्या प्रूफ हाऊसचे (हत्यार तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे) मुकुटवाले शिक्के सापडतात. मुकुटाखाली एनपी असेल तर आजच्या बिनधुराच्या पावडरसाठी तपासलेलं. लिएजच्या मालावर लंबगोलात ईएलजी. आयव्हर जॉन्सनचं १९०९ च्या आधीचं मॉडेल बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठीचं धरायचं, त्यात खडकीचं काडतूस घालायचं धाडस मी करणार नाही, म्हणून त्याचा भाव पण शोपीसचा.

"अमुक संस्थानातलं" हे पण रोज ऐकायला मिळतं, औंध, फलटण, सांगली, मिरज, जत, संस्थानं आपल्याकडं काय कमी होती का. असेलही! पण त्याचे पैसे तेव्हाच, जेव्हा जुनं लायसन बुक, बिल किंवा तसा कागद सोबत येतो. वरच्या पट्टीवर आर्मी अँड नेव्ही असा दुकानाचा शिक्का असला तर मात्र मला आवडतं (मुंबईत काळा घोड्याला ती बिल्डिंग अजून उभी आहे), त्याला चार पैसे जादा देईन, पण चारच.

आकडा कसा काढायचा

माझी पद्धत सांगतो, सरकारी नियम नाही हा. आधी दोन-तीन गन हाऊसला नव्या .३२ चा सगळं धरून दर विचारा. समजा १ लाख ४० हजार निघाला. वापरलेलं कानपूरचं, सगळ्या तपासण्यांत पास, तर मी दोन तृतीयांशापासून सुरू करतो, म्हणजे ९३ हजाराच्या आसपास. सिलिंडर जरा जास्त हलतो, दहावा हिस्सा कमी. नळीत खड्डे, अजून दहावा. मुठीची प्लेट फुटलीय, त्याचे दोन-तीन हजार. टायमिंग गेलंय, तर निम्मं, आणि खरं सांगू का, निम्म्यात पण नको.

परदेशी असेल तर हा हिशोब लागू नाही, तिथं शेवटचे खरे व्यवहार शोधावे लागतात. त्यासाठी एक युक्ती. गन हाऊसवाल्याला "असलं किती ला विकाल" असं विचारलं की तो आभाळातला आकडा सांगतो. त्याऐवजी "असलं माझ्याकडं आहे, तुम्ही किती ला घ्याल" असं विचारा. सांगली, कोल्हापूर, पुणे, तीन ठिकाणी विचारा. दोन्ही आकड्यांच्या मधे कुठंतरी, आणि खालच्या बाजूला जास्त, खरा भाव असतो. स्मिथ अँड वेसन आणि कोल्टला वेब्लीपेक्षा स्पेअरची मारामार कमी असेल असं समजू नका, सगळ्यांचेच पार्ट मिळत नाहीत, वेब्लीची स्प्रिंग तुटली तर हातानं बनवून घ्यावी लागते, तेवढे पैसे आधीच वजा करा.

एक गोष्ट मात्र. विकणारा बऱ्याचदा वारस असतो, नवरा गेलेली बाई, नाहीतर पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा. हत्यार ठाण्यात नाहीतर डीलरकडं जमा, घरात कुणालाच त्यातलं कळत नाही, आणि गावातला एखादा जण वीस हजारात उचलायला टपलेला. मागच्या वर्षी कोरेगावकडच्या एका काकूंनी मला बोलावलं होतं, त्यांना कुणीतरी सांगितलेलं की भंगार आहे. काउंटरवर उघडून बघितलं, सहाही घरं घड्याळासारखी, नळी लख्ख, काका तेल लावून ठेवायचे म्हणे. मी त्यांना तीन गन हाऊसचे आकडे कागदावर लिहून दिले आणि म्हटलं याच्या खाली कुणाला देऊ नका. मला घ्यायचं होतं खरं तर. पण माझी दोन आधीच पूर्ण.

पैसे आणि बदली

बयाणा द्यायचाच असेल तर थोडा, चेकनं, आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या की परवानगी मिळाली नाही तर परत. कायद्यानं खाजगी माणसानं विकताना जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं असतं. बहुतेक जण गन हाऊसमार्फत करतात, त्याचं कमिशन कोण देणार ते आधी ठरवा, नंतर त्यावरनं भांडणं होतात. तुमच्या लायसनवर घ्यायची मुदत लिहिलेली असते, त्यात ४५ दिवस बसतायत का मोजा. पूर्ण रक्कम तुमच्या लायसनवर नोंद चढायच्या दिवशीच. नोंद झाली की काउंटर सोडायच्या आधी नंबर पुन्हा वाचा, मेक, बोअर, नंबर, कारण क्लार्कनं ८ चा ३ केला तर दुरुस्तीला परत सहा महिने हेलपाटे.

आणि सोबत ते सुंदर जुनं चामड्याचं होल्स्टर फुकट मिळालं तर घ्या, खुंटीला टांगा, पण हत्यार त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवड्यात नळीला लाल पावडर सुटते. तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात, कुलुपात, आणि काडतुसं वेगळ्या कुलुपात.